दहा मिरच्या, पण कुठल्या?

ताई, तुमची थाई रेड करी दोनदा इतकी जहाल झाली की मुलांनी ताट सरकवलं आणि शेवटी साखर नि नारळाचं दूध ओतून ती गोडमिट्ट झाली, हे वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं. बाकी वाटण-घाटण तुम्हाला येतंच. मी फक्त मिरचीवर लिहिते, माझंही तिथेच बिनसलं होतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं बँकॉकला होतो. ख्लोंग तोईच्या बाजारातून मी दर आठवड्याला मिरच्या आणायचे. तरी नाशिकला परतल्यावर फसलेच. कृतीत नुसतं 'सुक्या लाल मिरच्या १५' होतं. मी वाण्याकडून सुकी लवंगी आणली, १५ मोजून घातल्या. वाटण फिकट दिसलं, म्हणून आणखी दहा टाकल्या. खरी चूक ही! रंग कमी पडतोय म्हणून मी तिखट वाढवत गेले. सासऱ्यांना पहिल्याच घासाला ठसका लागला आणि ते भरल्या ताटावरून उठले. आमच्या घरात असं कोणी उठलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते आजही मनातून जात नाही.

थायलंडमध्ये 'फ्रिक खी नू' म्हणजे बारकी, झोंबणारी मिरची, आणि 'फ्रिक ची फा' म्हणजे बोटाएवढी, बेताची तिखट. रेड करीच्या वाटणात मुख्यतः सुकवलेली मोठी मिरची असते. रंग आणि दाटपणा तिचा, बारकी फक्त झोंबण्यापुरती. आपल्याकडे मोठीच्या जागी ब्याडगी घ्या. माझं प्रमाण दहा ब्याडगींना दोन लवंगी. देठं काढा, कात्रीने चिरून बिया आणि आतल्या शिरा झटकून टाका (तिखटपणा बियांपेक्षा शिरांत जास्त असतो), वीसेक मिनिटं कोमट पाण्यात भिजवा आणि घट्ट पिळून वाटा. न पिळता वाटलं तर मसाला पातळ होतो आणि नारळाच्या दाट रसात नीट परतला जात नाही. ब्याडगीचा प्रत्येक लॉट वेगळा निघतो, म्हणून आधी एक तुकडा चावून बघा. मी काही आचारी नाही, हे माझ्या घरच्या जिभांचं प्रमाण आहे.

ग्रीन करीला ताजी हिरवी लवंगी चालते, पण तीन-चारच. बाकी साधी हिरवी मिरची बिया काढून, आणि रंगाला कोथिंबीर. ढोबळी मिरची घाला असं बरेच जण सांगतात. मला ते अजिबात पटत नाही, सगळ्या वाटणाला तिचाच वास लागतो.

आणि ऑनलाइन 'थाई मिरची' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांच्या नादी लागण्याआधी नीट बघा. एका दुकानाने मला तिप्पट भावात मंडईतलीच हिरवी मिरची पाठवली. तक्रार केली तर उत्तर आलं, 'माल फोटोप्रमाणेच आहे.' तीन मेल लिहिले, पैसे मिळाले नाहीत. त्यापेक्षा मंडईत जा आणि कोथिंबिरीची जुडी मुळांसकट मागा. थाई वाटणात ती मुळं लागतात, आणि आपण ती कचऱ्यात टाकतो. मिरचीबरोबर परतायचं 'क्रफाओ' म्हणजे आपली तुळसच. वृंदावनातली तुळस कढईत घालायला माझा हात धजत नाही, म्हणून गॅलरीत वेगळी कुंडी लावली आहे. ज्यांना तेही नको, त्यांनी सब्जाच्या झाडाची पानं घ्यावीत. चव बदलते, पण वाईट लागत नाही.

तुमचं उरलेलं जहाल वाटण मात्र फेकू नका. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि पुढच्या वेळी लवंगीऐवजी ब्याडगीच्या वाटणात त्यातला एक खडा टाका.