मूग सोलायला हाक मलाच का?

प्रिय मनू,

रविवारी मुगाच्या परातीत मनगटापर्यंत हात बुडवून तू जे विचारलंस, त्यावर मी घाईघाईत म्हणालो, "अगं, दादाची परीक्षा आहे." दादा वर फुटबॉल बघत होता. आवाज तुलाही ऐकू येत होता, मलाही.

तुझे प्रश्न दोन होते. शिजवलेलं कडधान्य डब्यात मिळतं, तर बाबा मुगांवर दोन दिवस का घालवतो? आणि सोलायला हाक नेहमी मलाच का, हीसुद्धा आपली मराठी पद्धत आहे का?

पहिल्याचं उत्तर सोपं, म्हणून आधी ते. डब्यांशी माझं भांडण नाही. मंगळवारचा राजमा डब्यातलाच होता आणि तू दोनदा वाढून घेतलास. (पुढे कधी स्वतः भिजवलास तर ते पाणी ओतून टाक आणि नव्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळखळून उकळ. कच्चा राजमा नुसता स्लो कुकरमध्ये टाकायचा नाही, पोट धरून बसशील.) पण मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या, सोललेल्या मुगांची आपली गोव्याची भाजी, डब्यात मिळत नाहीत. त्यासाठी मूग रात्री भिजवायचे, सकाळी निथळून फडक्यात बांधायचे. गोव्यात डिचोलीला चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दमट हवेत दुसऱ्या सकाळी पांढरे मोड डोकावायचे. इथे इंग्लंडात रेडिंगला मी ते गाठोडं बंद ओव्हनमध्ये ठेवतो, आतला दिवा तेवढा लावून. आई म्हणते, बाळ झोपवल्यासारखं करतोस.

मग भरपूर पाणी घ्यायचं आणि दोन तळव्यांमध्ये मूग हलके चोळायचे. हिरवी सालं वर तरंगतात, दाणे तळाशी बसतात. सालं ओंजळीने काढायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोळायचं. शेवटी हट्टी दाणे उरतात, ते एकेक चिमटीत धरून सोलायचे. साल सुटताना दाणा बोटांतून सटकतो. अर्ध्या तासात बोटांची टोकं सुरकुततात. तुझीही झाली होती.

आमच्या घरी राजांगणात, म्हणजे आतल्या चौकात, हे चालायचं. पणजी पाटावर बसून खोबरं, धणे, मिरच्या रगड्यावर वाटायची. चवथीला कांदा-लसूण नाही, त्यामुळे सगळी भिस्त त्या वाटपावर आणि शेवटी पडणाऱ्या गुळाच्या खड्यावर. ती आमच्याशी कोंकणीत बोलायची आणि पत्रं मात्र मराठीत लिहायची, आमच्याकडे तसंच होतं. म्हणून तर हे पत्र मराठीत. तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे. "एकेक साल काड रे पुता," म्हणायची. दुसरा तिचा नियम अळसांद्यांच्या (चवळीसारख्या कडधान्याच्या) तोणाकाचा, म्हणजे रश्शाचा: सोलं (आमसुलं) शेवटी. आंबट आधी पडलं की दाणा मऊ होत नाही. हे तिला कोणी शिकवलं ठाऊक नाही, पण खरं आहे. इथल्या चुनखडीच्या पाण्याचंही तेच. जे पाणी आपली किटली आतून पांढरी करतं, त्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले माझे अळसांदे तीन तास शिजूनही खडे राहिले होते. आता मी फिल्टरचं पाणी घेतो.

बघ, दुसऱ्या प्रश्नापासून मी किती लांब आलो.

मी मूठभर मूग सोलायचो आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायचा फळांचा मांडव, बांधायला पळायचो. तवशी, कांगलां, सुपारीचे घड, नारळ. शिडीवर काका, खाली सुंभ धरून मी. माझ्या चवथीच्या आठवणीत छताला टांगलेलं ते सगळं रान आहे. आत्या माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी, पण ती परातीपाशीच असायची. तिला कोणी थांब म्हणालं नव्हतं आणि मला कोणी जा म्हणालं नव्हतं. ते आपोआप व्हायचं. रविवारी मी जिन्याखाली उभा राहून "मनू" अशी हाक मारली, तीही आपोआपच. तू विचारेपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, हे कबूल करायला मला तीन दिवस लागले.

पद्धत आहे का? आहे. आपली आहे, आणखीही पुष्कळांची आहे. चांगली आहे असं मला म्हणता येत नाही. पण ती वाईट म्हणून परातच उचलून ठेवायची, हेही जमत नाही. पाण्यात हात घातला की मला ते घर दिसतं. तुला दिसणार नाही. तुला दिसावं म्हणून तुला बसवणं ही जबरदस्तीच, नाही का?

काल आत्याला फोन केला. म्हटलं, मनूने असं विचारलं, तुला तेव्हा काय वाटायचं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शिडी धरायची होती मला." आणि लगेच हसली. "सोलायचं काय विचारतोस, मी गेली कित्येक वर्षं सालासकट करते. कोण बसतंय? खाणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

म्हणजे घराण्यात मूग सोलणारा आता मी एकटाच.

या शनिवारचे मूग भिजत घातलेत. दादाला सांगितलंय, साडेदहाला खाली ये. "किती वेळ लागतो?" त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा बघायला तू हवी होतीस. तू यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर स्टूल धर, खिडकीवरचं तोरण बदलायचंय. आणि दादाने अर्धे दाणे सालांबरोबर सिंकमध्ये सोडले तरी ओरडायचं नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलंय.

तुझा,
बाबा