पंप बंद झाला की पाणी परत खड्ड्यात

प्रश्न : दादा, आमची सोसायटी सानपाड्याला, बेसमेंटला पार्किंग. तिथल्या खड्ड्यातला पंप पाऊस नसला तरी सारखा चालू-बंद होतो, बंद झाला की पाईपातून गडगड आवाज येतो. प्लंबर म्हणतो फ्लोट (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा स्विच) बदला, सेक्रेटरी म्हणतात २ एचपीचा काढून ५ चा टाकू. काय करू?

उत्तर : कोटेशनवर सही करू नका आधी. गडगड म्हणजे वर चढवलेलं पाणी परत खाली येतंय, म्हणजे एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, परत येऊ न देणारा व्हॉल्व) धरत नाहीये. ३ इंची पाईपात मीटरला साधारण ५ लिटर पाणी मावतं, ८ मीटर उभा पाईप असेल तर ४० लिटर दर वेळी परत खड्ड्यात आणि पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसतोय, बिल मात्र दर वेळचं येतं.

खात्री करायची तर पंप बंद झाल्या झाल्या खड्ड्याच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा. पाणी पटकन थोडं चढून थांबलं तर ते पाईपातलंच. चढतच राहिलं तर एनआरव्हीच्या पुढचा व्हॉल्व बंद करून बघा, थांबलं तर ते गटारातून येतंय, नाही थांबलं तर झिरप आहे किंवा टाकीची लाईन कुठेतरी लीक आहे. गटाराचं मुद्दाम सांगतो कारण नवी मुंबईत बरीच जमीन खाडीत भराव घालून केलेली, सिडकोने त्यासाठी होल्डिंग पॉन्ड (पावसाचं पाणी साठवायचे तलाव) बांधले, भरतीला त्यांचे दरवाजे बंद होतात आणि तेव्हाच जोराचा पाऊस असला की गटारं तुंबतात. अशा वेळी एनआरव्ही खराब असेल तर ५ एचपी लावून काय फायदा, बाहेर टाकलेलं पंप बंद होताच परत आत.

आता काम. आधी एमसीबी (पंपाच्या सप्लायचा स्विच) पाडा, वॉचमनला तिथे उभा करा कोणी चालू करू नये म्हणून. एनआरव्ही खोलला की आतल्या झडपेखाली बहुतेक वेळा गुटख्याची पुडी नाहीतर वाळू अडकलेली असते, रबर गेलं असेल तर सरळ नवीनच टाका. एनआरव्हीवरचा बाण पाण्याच्या दिशेने, आणि युनियन (पाईप न कापता खोलता येणारा जोड) लावून हात पोचेल अशा जागी बसवा, नाहीतर पुढच्या वेळी पाईप कापावा लागेल. पंप आणि एनआरव्हीच्या मधे, खड्ड्याच्या आत, पाईपाला ४-५ मिमीचं भोक ठेवा, हवा अडकत नाही. त्यातून पाण्याची बारीक चिळकांडी उडते, ती लीक समजून कोणीतरी उत्साहाने एमसील लावतो, तेवढं बघा.

प्लंबर अगदीच चुकीचा नाही. फ्लोटची वायर फार आखूड बांधली असेल तरी पंप असाच नाचतो, थोडी लांब सोडा, फक्त भिंतीला अडकायला नको.

प्रश्न : घोडबंदर रोड, ठाणे. मीटर रूमचं वायरिंग नवीन केल्यापासून बेसमेंटचा थ्री फेज पंप चालतो पण पाणी जेमतेम जातं.

उत्तर : फेज उलटे लागलेत, मोटर उलटी फिरतेय. इलेक्ट्रिशियनकडून सप्लाय बंद करून स्टार्टरवर कुठल्याही २ फेजच्या वायरी अदलाबदल करून घ्या. स्टँडबाय पंप असेल तर तोही चालवून बघा, तोही उलटाच असणार.