डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीले जाऊन राहिला तर

अरे, डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी म्हणजे डॉक्टरकीचं एमडी-एमएस शिकताना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं. पैशाचं आधी समजून घे, काम तिथं करशील पण स्टायपेंड आपलं कॉलेजच देते, तिथल्या ऑफिसात विचारत बसू नको. हजेरी मात्र तिथूनच जाते, अन् माझी एका महिन्याची फाईलखाली दबून राहिली तं स्टायपेंड दीड महिना लटकला, मेसवाल्या काकू उधारी लिहून लिहून थकल्या. म्हणून सही झाली की फोटो काढून डिपार्टमेंटले टाकत जा. 2020 मध्ये नियम आला तेव्हापासून हे तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्येच करा लागते, नाई झालं तं फायनलले बसता येत नाई. पावसाळ्यातला नंबर लागला तं सोडू नको, साप चावलेले पेशंट तिथंच पाहाले भेटतात. राहायची सोय असते म्हणा, पण मच्छरदाणी घरूनच ने बाप्पा.