न वापरलेली वीज मोजायची कशी? – वाचकांची प्रश्नोत्तरे

शहापूरच्या घरात प्लगला लावायची पेटी घेतली. विक्रेता म्हणतो, बिल ३० टक्के उतरेल. खरं का?
नाही. आत बहुधा एक कपॅसिटर असतो. त्यानं युनिट कमी होत नाहीत, आणि घरगुती बिल युनिटवर येतं. परत करा.

खानापुरात राहतो. गिझर दुपारी लावला तर स्वस्त पडेल का?
वेळेनुसार दराला कुठल्या वेळी किती वापर झाला ते नोंदवणारं मीटर लागतं, स्मार्ट मीटरसारखं. साध्या मीटरला दुपार आणि रात्र सारखीच. तुमच्याकडे कुठलं आहे, ते हेस्कॉमच्या (आपल्या भागातल्या वीज वितरण कंपनीच्या) कार्यालयात विचारा, शेजाऱ्याला नको.

निपाणीजवळ शेती आहे. पंपाला थ्री फेज ठरावीक तासच मिळते. डिमांड रिस्पॉन्स म्हणतात तो हाच का?
नाही हो. तिथं बटण वीज कंपनीच्या हातात. डिमांड रिस्पॉन्समध्ये तुम्ही स्वतःहून लोड उतरवता आणि त्याचा मोबदला घेता.

उद्यमबागेत फाउंड्री आहे. एक एजंट म्हणतो, संध्याकाळी तासभर भट्टी थांबवा, वाचलेल्या विजेचे पैसे मिळतील. सही करू?
थांबा. वाचलेली वीज कुठलंच मीटर दाखवत नाही. मीटर दाखवतं ते वापरलेली. ‘एरवी किती वापरली असती’ हा अंदाज, म्हणजे बेसलाइन, आणि प्रत्यक्ष वापर यांतला फरक म्हणजे बचत. सगळी मेख त्या अंदाजात. समजा, मागच्या दहा दिवसांतले सर्वांत जास्त वापराचे पाच दिवस धरून सरासरी ४०० किलोवॅट काढली. भट्टी थांबवली त्या दिवशी २५० दिसले. एजंट म्हणणार, १५० वाचले. पण अस्तर बदलायचं म्हणून एक भट्टी तशीही बंद राहणार होती आणि वापर २८० च झाला असता, तर खरी बचत ३०. उलट आधीच्या दिवसांत मुद्दाम लोड चढवून बेसलाइन फुगवणारेही असतात. असल्या हिशेबाचा मला भारी राग आहे. शिवाय वितळलेला रस धरून ठेवायला वीज लागतेच, आणि राहिलेली हीट (एका वेळी वितळवायचा माल) रात्री काढताना मागणी कराराच्या वर गेली तर दंड वेगळा. म्हणून मीटरमधला लोड सर्व्हे, म्हणजे ठरावीक मिनिटांनी होणारी वापराची नोंद, काढा, भट्टीच्या हीट-नोंदवहीशी ताडून बघा, आणि दोन्ही घेऊन एनर्जी ऑडिटरकडे जा. एजंटनं सुचवलेल्याकडे नव्हे.

शुक्रवारी शेवटची तारीख आहे म्हणतात...
शुक्रवार जाऊ द्या. बेसलाइन कुठल्या सूत्रानं काढणार, ते लेखी मागा.