पाच, नऊ आणि तेरा वर्षांच्या वाचनवेड्या भावंडांसाठी पुस्तके कशी निवडावीत?

वाचनाची गोडी असलेल्या तीन भावंडांसाठी आपण पुस्तके विचारली आहेत. अशा मुलांच्या बाबतीत वयाच्या अंकापेक्षा, मूल सध्या कोणते पुस्तक पुन्हा पुन्हा उघडते, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

पाच वर्षांच्या मुलासाठी चित्रे बोलकी आणि मजकूर थोडा असावा. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ यासाठी उत्तम आहे.

नऊ वर्षांचे वाचनवेडे मूल मात्र एका दिवसात पुस्तक संपवून दुसरे मागते, म्हणून त्याला मालिका द्यावी. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे एका पुस्तकात संपत नाही, आणि त्यातील काही शब्द आज जुने वाटले तरी संदर्भावरून अर्थ लावण्याची सवय मुलाला त्यातूनच लागते (प्रत्येक शब्द समजावून सांगण्याचा मोह मोठ्यांनी टाळावा).

तेराव्या वर्षी ‘बालसाहित्य’ या शिक्क्याचाच राग येऊ लागतो. तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) द्यावी, कारण ती आटोपशीर असून तिचा निवेदक एक तरुण शिक्षक आहे.

तिघांत मिळून काही घ्यायचे असल्यास बालभारतीचे, 1971 पासून निघणारे ‘किशोर’ मासिक लावावे. सगळीच पुस्तके विकत घेण्यापेक्षा जवळच्या ग्रंथालयाचे सभासदत्व घेऊन निवड मुलांवर सोपवावी, आणि धाकट्याने थोरल्याचे पुस्तक उचलले तर त्याला अडवू नये.