बुटांमधली दांडी: क्लबफूट असलेले बाळ दत्तक घेताना

प्रश्न: माझे वय ३८, पतींचे ४१. 'कारा'च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) पोर्टलवर विशेष गरजा असलेल्या मुलांत नऊ महिन्यांची एक मुलगी पाहिली. फोटोत तिच्या दोन्ही पायांत बूट आहेत आणि मध्ये दांडी. वैद्यकीय अहवालात 'बायलॅटरल सीटीईव्ही, ऑन ब्रेस' एवढेच लिहिले आहे. ती चालेल का? होकार देण्याआधी काय विचारावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर: सीटीईव्ही म्हणजे क्लबफूट. जन्मतःच टाच वर ओढलेली असते आणि पाऊल आत वळून तळवा दुसऱ्या पायाकडे पाहत असतो. 'बायलॅटरल' म्हणजे दोन्ही पाय. हजार बाळांमागे साधारण एकाला हा दोष असतो, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात. दुसरा कोणताही आजार नसेल तर ती चालेल, पळेल, खेळेल. चालायला एखाद-दोन महिने उशीर झाला तर घाबरू नका.

सध्या उपचार पोन्सेटी पद्धतीने होतात. पाऊल हाताने थोडे थोडे वळवून दर आठवड्याला नवे प्लास्टर घालतात, मांडीपासून बोटांपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून. पाच-सहा प्लास्टर सहसा पुरतात. टाच मात्र नुसत्या प्लास्टरने खाली येत नाही. म्हणून बहुतेक बाळांची टाचेमागची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर, रक्तवाहिनी नव्हे) छोट्या छेदाने कापतात आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात शीर वाढीव लांबीने पुन्हा जुळते. त्यानंतर येते ती फोटोतली दांडी. तुमच्या निर्णयाचा खरा प्रश्न तिचाच आहे, कारण प्लास्टरचा काळ दोन-अडीच महिन्यांत संपतो आणि दांडी मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री लावावी लागते.

'ऑन ब्रेस', म्हणजे बूट-दांडी सुरू आहे, या दोन शब्दांवर समाधान मानू नका. संस्थेकडून एवढे लेखी मागा: एकूण किती प्लास्टर झाली, शीर कोणत्या तारखेला कापली, बूट कधीपासून सुरू आहेत, रोज प्रत्यक्षात किती तास घालतात. पिरानी गुण नोंदले असतील तर तेही घ्या. शून्य म्हणजे पाऊल सरळ, सहा म्हणजे सर्वांत जास्त वाकडे. सुरुवातीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवले की उपचारांची दिशा कळते.

त्याहून मोठा प्रश्न असा, की हा साधा क्लबफूट आहे की दुसऱ्या आजाराचा भाग आहे? पाठीच्या कण्यातला दोष (स्पायना बिफिडा) किंवा अनेक सांधे आखडलेले असणे (आर्थ्रोग्रायपोसिस) यांतही पाय असेच दिसतात, पण ते पाय कडक असतात आणि वाकडेपणा परतण्याची शक्यता जास्त असते. कंबरेवर खळगा, केसांचा झुबका किंवा गाठ आहे का, पायांची बोटे स्वतःहून हलतात का, खुबे तपासले आहेत का, हे विचारा. नियमांप्रमाणे मुलाचा वैद्यकीय अहवाल तुम्ही तुमच्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवू शकता. तो लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनाच दाखवा. मुदत थोडी असते, म्हणून अहवाल हाती येताच त्यांची वेळ घ्या.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. साध्या यादीत प्रतीक्षा तीन वर्षांच्या पुढे जाते आणि विशेष गरजांच्या मुलांना ज्येष्ठतेची रांग नसते, म्हणून काही जोडपी 'लवकर मिळेल' एवढ्याच हिशेबाने इकडे वळतात. रोज रात्री दांडी बांधायची तयारी नसेल तर हा हिशेब चुकतो.

प्रश्न: मुलगा अकरा महिन्यांचा, पाच दिवसांपूर्वी घरी आला. संस्था म्हणते रात्री आणि दुपारी झोपताना मिळून १४ तास बूट हवेत. पण तो रडून आकांत करतो. सासूबाई म्हणतात, आधी घरात रुळू दे, मग लावा. महिनाभर थांबले तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. महिनाभर सोडाच, आठवडाभरही नको. एरवी शहाणपणाचाच वाटेल असा हा सल्ला इथे महागात पडतो. ज्या ओढीमुळे पाऊल वळले होते ती लहान वयात जोरात असते; दांडी नसली की पाऊल गुपचूप परत वळू लागते आणि बूट आधीपेक्षा घट्ट बसतो. मग बाळ खरोखर दुखून रडते, बूट आणखी कमी वेळ घातले जातात, आणि शेवटी पुन्हा प्लास्टर.

पाच दिवसांपूर्वी त्याचे सगळे जग बदलले आहे: माणसे, वास, आवाज, पाळणा. रडण्याचे कारण बहुतेक तेच आहे, पण डोळ्यांना दांडी दिसते म्हणून दोष तिच्या माथी जातो. उलट, या घरात ओळखीची वस्तू कदाचित हे बूटच असतील. संस्थेतले जुने मोजे धुतले नसतील तर पहिले दोन-तीन दिवस तेच वापरा.

तरीही रडणे बुटामुळे नाही ना, हे रोज पाहायलाच हवे. पूर्ण सुती, शिवण न टोचणारा मोजा घाला. गुडघा वाकवून टाच बुटाच्या तळाशी टेकवा आणि आधी मधला पट्टा आवळा, कारण टाच तोच धरून ठेवतो. बुटाला मागे भोक असेल तर त्यातून टाच दिसली पाहिजे. मग बाकीचे पट्टे. टाचेमागे लाल वळ उठला तर बहुतेक लोक पट्टा सैल करतात आणि चूक होते: वळ टाच वर-खाली घासल्याने उठतो, म्हणजे पट्टा सैलच आहे. त्यावर तेल, पावडर किंवा मलम लावू नका, कातडी मऊ पडून फोड येतो. फोड आलाच तर दवाखाना गाठा.

दोष एकाच पायात असला तरी बूट दोन्ही पायांत हवेत. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी असते. वाकडा पाय बाहेर ६० ते ७० अंश आणि चांगला पाय ३० ते ४० अंश वळवलेला असतो. हे कोन घरी बदलू नका. दांडीला फोम गुंडाळा, नाहीतर पाळण्याचे कठडे आणि तुमच्या नडग्या दोन्ही सोलवटतील. झोळीत दांडी कापडात अडकते, सपाट गादी बरी. दिवसा जागेपणी दोन्ही हातांनी दांडी धरून पाय एकत्र वर-खाली करण्याचा खेळ करा. दोन्ही पाय जोडीने हलवायचे असतात हे एकदा कळले की चिडचिड ओसरते. बोटे बुटाच्या कडेवरून खाली वळू लागली की पुढचा नंबर घ्या. दिवसा चालायला साधेच बूट चालतात.

चालताना पावलाची बाहेरची कड टेकते आहे, टाच जमिनीला लागत नाही किंवा पाऊल पूर्वीइतके वर वाकत नाही असे दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लवकर सापडले तर दोन-तीन प्लास्टरांत भागते. उशीर झाला तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक शीर हलवण्याची शस्त्रक्रिया लागू शकते.

प्रश्न: बाळ घरी आणले, पण जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश अजून यायचा आहे. डॉक्टर म्हणतात शीर पुन्हा कापावी लागेल. सही कोणाची?
– एक वाचक, अमरावती

उत्तर: आदेशापर्यंत बाळ तुमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनात असते, कायद्याने तुम्ही अजून आई-वडील नाही. म्हणून आजच संस्थेला लेखी कळवा, डॉक्टरांचे पत्र जोडा आणि संमती कोण देणार हे त्यांच्याकडूनही लेखी घ्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी फोनाफोनी नको.

खर्चाचेही विचारता येईल: क्लबफूट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो, त्यामुळे जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. खासगी आरोग्य विम्याच्या भरवशावर राहू नका. 'बाह्य जन्मजात दोष' अनेक पॉलिसींत वगळलेले असतात.

प्रश्न: नातेवाईक म्हणतात, ग्रहणात आईने काहीतरी चिरले असणार. पुढे आमच्या या दत्तक मुलाच्या मुलांनाही क्लबफूट होईल का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर: ग्रहणाचा काही संबंध नाही. आनुवंशिकतेचा थोडा आहे: आई किंवा वडिलांना क्लबफूट असेल तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा वाढते, तरी बहुतेक मुले सरळ पायांनीच जन्मतात. म्हणून मुलाची फाइल, प्लास्टरचे फोटो आणि तारखा जपून ठेवा. जन्मदात्या कुटुंबाचा आजारांचा इतिहास त्याला बहुधा मिळणार नाही, त्यामुळे पुढे डॉक्टरांनी विचारले तर त्याच्याकडे दाखवायला हीच फाइल असेल. एकच पाय वाकडा असेल तर तो पाय थोडा आखूड नंबरचा आणि पोटरी बारीक राहते. हे त्याला आधीच माहीत असू द्या, म्हणजे दुकानात वेगवेगळ्या नंबरचे दोन बूट मागताना तो संकोचणार नाही.