गाजरगवतावरचे मेक्सिकन भुंगे शेजारचं सूर्यफूल खातील का?

नाही, सूर्यफुलाचं पीक ते फस्त करत नाहीत. फार तर गवत संपल्यावर काही पानं कुरतडतात. गाजरगवताच्या नियंत्रणासाठी हाच भुंगा (शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा) चाचण्यांनंतर १९८४ मध्ये बंगळुरूत सोडला गेला. पुढे सूर्यफुलावर दिसल्याने ओरड झाली, पण पानांवर पडलेल्या गाजरगवताच्या परागांनी तो तिकडे ओढला जातो, असं तपासात आढळलं. जुलै-ऑगस्टमध्ये, चांगला पाऊस झाल्यावर, गवत कोवळं असतानाच हेक्टरी ५०० ते १००० प्रौढ भुंगे सोडा. अळ्या शेंड्याच्या कळ्या खातात, त्यामुळे फुलोरा घटतो. मात्र नांगरटीच्या रानात भरवसा नको: पावसाळ्यानंतर भुंगे मातीत सुप्त राहतात, तेच नांगराखाली जातात. पडीक जमीन, रस्त्याकडेची जागा उत्तम. तिथे तणनाशक मारू नका.